मोरीच्या वळणावरचा खराटा

मुडबी ओलांडून गुलबर्ग्याच्या दिशेनं अर्धा मैल गेलं की एक उजवं वळण लागतं, आणि वळण संपतं तिथंच दगडी कठड्याची मोरी, म्हणजे छोटा पूल, आहे. त्या मोरीवर भूत आहे, असं सगळे लॉरीवाले छातीठोकपणे सांगतात. कुणाला लाल मोटार दिसते, कुणाला पाणी मागणारा ड्रायव्हर दिसतो. एका शहाण्यानं कठड्याच्या दगडाला शेंदूर फासला, दुसऱ्यानं नारळ फोडला, आणि बघता बघता सरकारी मोरीचा देव झाला. मी या रस्त्यावरच्या गँगचा मुकादम. ती मोरी माझ्या हद्दीत येते आणि करवंट्या मलाच उचलाव्या लागतात, म्हणून त्या भुतावर माझा पहिल्यापासून राग आहे. शिवाय आम्ही बौद्ध. वडिलांनी धम्म घेतला तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांचा होतो, आणि भूतखेत, नवससायास सगळं आम्ही त्याच दिवशी घराबाहेर टाकलं.

तरी खरं सांगतो, त्या मोरीवर मला एक आवाज ऐकू येतो. मोटारीचा नाही आणि किंकाळीचाही नाही. शिंदीच्या खराट्याचा. भर सकाळी, दहाच्या सुमाराला, ऊन स्वच्छ पडलेलं असताना कुणीतरी घाईघाईनं डांबर झाडतंय असा. मी त्या मोरीवर एकटा बसून भाकरी खातो म्हणून गावातले लोक मला शूर समजतात. त्यांना काय माहीत, घास उतरत नाही म्हणून मला तिथं इतका वेळ लागतो.

गोष्ट एकोणसत्तर सालची. आमचं राज्य तेव्हा म्हैसूर म्हणवत होतं. हैदराबादच्या काही हौशी मोटारवाल्यांनी एक शर्यत काढली. हैदराबादहून निघायचं आणि बीदर, हुमनाबाद, कल्याणी, मुडबी करत गुलबर्ग्याला पोचायचं. एक्केचाळीस मोटारी, आणि एकेक मोटार पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं सोडायची. अशी शर्यत आमच्या भागात आधी कधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही. बीदरात तर नुसता कल्ला होता, कारण एक्केचाळीसांत एक गाडी बीदरची होती, काशाप्पा मिस्त्रीची.

काशाप्पाचे आजे-पणजे मेंढरं राखायचे. यानं मात्र पोरवयापासून गॅरेजात हात काळे केलेले. भंगारात निघालेली एक मोटार त्यानं खिळा खिळा जुळवून उभी केली आणि तिला लालभडक रंग दिला. नंबर पडला सतरा. शेजारच्या सीटवर वही घेऊन बसायला त्याचा मेहुणा अप्पाराव, म्हणजे त्याच्या बायकोचा, पद्माबाईचा, धाकटा भाऊ. अप्पारावनं महिनाभर सायकल मारून सगळ्या रस्त्याची वळणं वहीत लिहून काढली होती. गाडी पळताना यानं वाचायचं आणि काशाप्पानं चाक फिरवायचं. हे सगळं मला मागाहून कळलं. त्या दिवशी माझ्यासाठी ती फक्त सतरावी गाडी होती.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, साधा गँगमन. माझ्या हद्दीतला रस्ता साफ ठेवायचा आणि खड्डे भरायचे, एवढीच नोकरी. शर्यतवाल्यांना प्रत्येक वळणावर निशाणवाला हवा होता आणि साहेबांनी माझं नाव दिलं. कल्याणीच्या डाक बंगल्यात आम्हाला दोन-दोन निशाणं वाटली आणि शिकवलं, पिवळं दाखवलं की पुढं धोका आहे, हळू या. तांबडं दाखवलं की थांबा. दंडाला बांधायला एक पांढरी पट्टी दिली. ती बांधून मी मुडबीत शिरलो तेव्हा माझी चालच बदलली होती म्हणतात. म्हणोत. कडेनं चालायची सवय असलेल्या माणसाला कुणी भर रस्त्यात उभं राहायला सांगितलं, तर त्याची चाल बदलणारच.

आता आमच्या करडीबद्दल सांगायला पाहिजे, कारण सगळं तिच्यावरून घडलं. गावाबाहेर आमची दोन एकर जमीन होती. बैल नाहीत, खळं नाही. करडी हे काट्याचं पीक. कापायची ती दव असताना, काटे मऊ असतात तोवर, आणि तेही हाताला चिंध्या गुंडाळून. मळताना बैलांचेसुद्धा पाय रक्ताळतात, त्यामुळं आपलं खळं आणि बैल आम्हाला देण्याचं कुणी नाव काढत नसे. देण्याचं नाव न काढायला दुसरंही एक कारण होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी उगाळत बसत नाही. पण सहासष्ट साली या रस्त्यावर डांबर पडलं आणि माझ्या आईला, भागाबाईला, आयतं खळं मिळालं. वाळलेली करडी डांबरावर पसरायची. एखादी बस गेली, एखादी लॉरी गेली, चाकांखाली बोंडं फुटली की दाताळ्यानं वरचं काटेरी भुसकट उचलायचं आणि खाली राहिलेलं बी खराट्यानं झाडून घ्यायचं. निम्म्या तालुक्याची मळणी अशीच होते, आजही होते. ड्रायव्हर शिव्या देतात आणि हळू जातात. तेव्हा दिवसाला चार-पाच वाहनं यायची आणि आमच्या करडीला आठवडा लागायचा.

शर्यतीच्या आदल्या दिवशी जेवताना आईनं विचारलं, "किती गाड्या हैत म्हनलास?"

"एक्केचाळीस."

"सगळ्या आपल्याच रस्त्यानं?"

"मग काय हवेतनं जातेत? तुझी करडी एका सकाळी झडून हुईल बघ."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी चेष्टा केली होती. आईनं घास हातात तसाच धरला आणि म्हणाली, "व्हय की." मी हसलो आणि उठून हात धुतले. नको टाकू, असं मी म्हणालो का, हे मी पुढं हजार वेळा आठवून पाहिलं. मी म्हणालो नव्हतो.

आमची नेहमीची जागा गावाजवळ, लिंबाखालच्या सरळ रस्त्यावर. पण त्या दिवशी तिथं सकाळपासून अख्खं गाव शर्यत बघायला उभं होतं. वळणांवर माणसं उभी करायची नाहीत असा शर्यतवाल्यांचा कडक नियम होता, त्यामुळं मोरीचं वळण तेवढं मोकळं. आईनं मोकळी जागा बघितली आणि वळण संपून मोरी लागते तिथं करडी पसरली. मी वळणाच्या अलीकडं निशाणं घेऊन उभा. पलीकडचं मला दिसत नव्हतं.

पहिली गाडी पावणेनऊच्या सुमाराला गेली. मग दुसरी, तिसरी. प्रत्येक गाडी वळणाआड गेली की चर्रर्र असा आवाज यायचा. मला वाटलं चाकांचाच असेल. चौदावी गेल्यावर मी बघायला म्हणून पन्नास पावलं चालत गेलो, तर आई दाताळं टेकून उभी.

"आई, हे काय?"

"तूच म्हनलास की."

मला राग आला असं लिहायचा मोह होतोय. पण मला आनंद झाला होता. चौदा मोटारी गुडघाभर करडीवरून गेल्या होत्या, बोंडं फुटून चुरा झाला होता, आठवड्याचं काम तासाभरात झालं होतं आणि कुणालाही काही झालं नव्हतं. जाडजूड भुसकटात चाकं दबून जात होती. आई म्हणाली, "आनखी दोन जाऊंदे, मग उचलते." मी हसलो आणि माझ्या जागेवर परत आलो.

सोळावी गेली आणि मला दाताळ्याचा खरखर आवाज ऐकू आला. आई भुसकट उचलत होती. म्हणजे आता डांबरावर नुसतं बी राहणार. करडीचं बी पांढरं, तेलकट, गुळगुळीत असतं. अंगणात सांडलं आणि त्यावर पाय पडला तर धडधाकट माणूस पाठीवर आपटतो. हे आमच्या घरातल्या रांगत्या लेकरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. गावातून लोकांचा आरडाओरडा ऐकू आला, म्हणजे सतरावी गाडी आली होती. पिवळं निशाण माझ्या काखेत होतं.

मी ते काढलं नाही. पिवळं दाखवलं तर ड्रायव्हर गुलबर्ग्याला जाऊन सांगणार, साहेब विचारणार, व्यंकट, वळणापलीकडं काय होतं? रस्ता साफ ठेवायची नोकरी माझी आणि रस्त्यावर करडी माझ्याच आईची. सोळा गेल्या, सतरावीही जाईल, असं मी मनाला सांगितलं. लाल गाडी माझ्या समोरून गेली. चाकावरचा माणूस हसत होता आणि शेजारचा वहीत बोट ठेवून ओरडून काहीतरी वाचत होता. ती वळणाआड गेली आणि नेहमीचा चर्रर्र आवाज आलाच नाही. थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग कठडा फुटल्याचा आला.

काशाप्पा मेला. अप्पाराव बाजूच्या वावरात फेकला गेला, त्याचा पाय मांडीत मोडला आणि तो वाचला. मधल्या चार-पाच मिनिटांत काय झालं ते पुढं सांगतो. तेच सांगायला बसलोय, पण जरा दम घेऊ द्या.

गावातले लोक धावत आले, मागच्या गाड्यांतले आले, पोलीस आले. पंचनामा झाला. सगळ्यांत जवळचा साक्षीदार मी. रस्त्यावर काही होतं का, असं विचारलं. मी म्हणालो, "रस्ता साफ होता." खाली सही केली. खोटं नव्हतं. ते मोरीजवळ गोळा झाले तेव्हा तिथल्याइतका साफ रस्ता अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

पुढं गेलेल्या सोळा गाड्यांना वाटेत गावोगाव असं भुसकट लागलं होतं, त्यामुळं त्यांनीही त्याचं नाव काढलं नाही. मग दोष कुणाचा? अप्पारावची वही सापडली. त्या वळणापुढं त्यानं लिहिलं होतं, 'उजवं, जोरात.' चौकशीवाले म्हणाले, हेच चुकलं, तिथं 'हळू' पाहिजे होतं. अप्पाराव दवाखान्यात पडलेला, डोक्याला मार, त्याला गाडी कशी उलटली ते आठवेना. मेहुण्यानं मेहुण्याला मारलं, असं बीदरात बोललं गेलं. ते मुडबीपर्यंत आलं, आमच्या घरापर्यंतही आलं. आम्ही गप्प बसलो.

आईनं झाडून घेतलेलं बी जुन्या लुगड्याच्या एका धडप्यात बांधलं आणि आढ्याला टांगून ठेवलं. त्याचं तेल काढलं नाही, पेरलं नाही, फेकलंही नाही. त्या वर्षीपासून आमच्या शेतात करडी नाही. आणि आई रोज सकाळी खराटा घेऊन मोरीवर जायला लागली. दहा वाजता जायची, ते वळण लख्ख झाडायची, घरी यायची. लोक म्हणायचे, भागाबाईला अपघात बघून झटका बसलाय. कुणी म्हणायचं, लेकाची नोकरी आईच करते. लॉरीवाल्यांचं भूत म्हणजे बहुतेक माझी आईच, पांढऱ्या लुगड्यातली. सोळा वर्षं ती झाडत होती.

अधूनमधून ती म्हणायची, "व्यंकट, सांगून टाकू रं." मी तिच्या अंगावर ओरडायचो. नोकरी जाईल, तुला तुरुंगात घालतील, गावात आपल्या माणसांना उभं करणार नाहीत. सगळी कारणं तिच्या काळजीची आणि भीती माझी. पंचाहत्तर साली लग्न होऊन विमल घरात आली, तिलाही वर्षभर सांगितलं नाही. मग मीच झोपेत बरळलो. दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना बाकीची चार शीलं मी खणखणीत म्हणतो. खोटं बोलणार नाही, हे शील आलं की मला खोकला येतो. विमल माझ्याकडं बघत नाही, समोर बघते. खाई त्याला खवखवे.

पंच्याऐंशीला आई गेली. जाताना शुद्धीवर होती. म्हणाली, "मी गेल्यावर तरी सांग." मी व्हय म्हणालो. त्यावर दोन वर्षं गेली. आता तर तुरुंगात घालायला ती नव्हती, तरी मी सांगितलं नाही. यावरून कुणासाठी गप्प होतो ते ज्याचं त्यानं समजावं.

सत्याऐंशीच्या फेब्रुवारीत, दुपारच्या बसनं एक माणूस मुडबीत उतरला. हातात काठी, एका पायानं लंगडत, वय माझ्यापेक्षा थोडं कमी पण केस सगळे पांढरे. विचारत विचारत आमच्या दारात आला. मी नुकताच कामावरून येऊन पाय धूत होतो.

"शर्यतीचं निशान तुमच्याकडं हुतं का?"

"व्हय."

"मी अप्पाराव. सतरा नंबरच्या गाडीत वही वाचायला हुतो."

विमलनं सतरंजी टाकली, चहा ठेवला. तो मोडका पाय लांब करून भिंतीला टेकून बसला आणि त्यानं पिशवीतून वही काढली. पानं पिवळी पडली होती, कोपरे उंदरानं खाल्ले होते. वळणाचं पान त्याला शोधावं लागलं नाही, ते आपोआप उघडलं.

"अण्णा, मला एकच इचारायचंय. हितं बघा, 'उजवं, जोरात.' मी तीन येळा सायकलीवर ह्या वळनाला येऊन बघितलो हुतो. रुंद हाय, साधं हाय. तरी मी चुकलो. तुमी डोळ्यानं बघितलाव. गाडी लई जोरात हुती का? मी हळू म्हनलो असतो तर वाचला असता का?"

 तो वहीकडं बघत बोलत राहिला.

"अक्कानं अठरा वर्षं मला पाट मांडला न्हाई. दर भाऊबीजेला बीदरला तिच्या घरी जातो. ओट्यावर बसतो. पानी देती, ओवाळीत न्हाई. कामून म्हनून मी इचारत न्हाई, तिलाबी म्हाईत हाय आन् मलाबी. पन ह्या दिवाळीला म्हनली, तू आता येत जाऊ नगंस. म्हनून आलो. चूक माझी असंल तर तुमी तसं सांगा. मंग मी जायचं बंद करतो."

माणसाच्या समोर असं ताट वाढून ठेवलेलं असताना माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हणालो, "रस्ता साफ होता, साहेब."

पंचनाम्यातलंच वाक्य. अठरा वर्षांत ते इतकं सरावाचं झालं होतं की आपसूक निघालं. अप्पारावनं मान हलवली. त्याला नवल वाटलं नाही, हेच ऐकायच्या तयारीनं तो आला होता. वही पिशवीत घातली, काठीवर भार देऊन उठला, उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला.

"आनखी एक. हसू नगा. मी वावरात पडलो हुतो तवा डोळं उघडत नव्हतं, पन कानाला ऐकू येत हुतं. कुनीतरी झाडायलंय, असं. खराट्यानं. डॉक्टर म्हनले, डोस्क्याला मार लागला की असं हुतंय. बायको म्हनती, येड लागलंय. मला अजूनबी ऐकू येतंय, सकाळच्या पारी. तुमी तितं हुताव म्हनून इचारतो. कोन झाडत हुतं का?"

 तेवढ्यात आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. विमलनं आढ्याचं गाठोडं खाली काढलं होतं. ते तिनं आणून माझ्यापुढं ठेवलं.

"आत्या गेल्या," ती म्हणाली. "आता कुनाला वाचवायलाव?"

अठरा वर्षांची गाठ सुटेना, तिनं ती विळीनं कापली. करडी काळपट पडली होती, अर्धी किड्यांनी पोखरली होती. अप्पारावला वाटलं दाणे बघायला दिलेत. तो खाली बसला, त्यानं मूठ घातली आणि चटकन हात मागं घेतला. बोटाला रक्त आलं होतं. दाण्यांत काच होती. मोटारीच्या पुढच्या काचेचे बारीक बारीक तुकडे, बियांएवढेच. आईनं एका खराट्यात दोन्ही झाडून घेतलं होतं आणि पुढं कधी निवडलं नव्हतं.

मग मी सांगितलं. चेष्टा सांगितली, करडी सांगितली, काखेतलं निशाण सांगितलं. आणि ती चार-पाच मिनिटंही सांगितली.

आवाज ऐकून मी वळणापलीकडं पळालो तेव्हा गाडी मोरीखाली आडवी पडली होती. अप्पाराव वावरात तोंडावर पडलेला, मला वाटलं गेला. काशाप्पा चाकाच्या मागं अडकला होता. तो जिवंत होता. त्याचे डोळे उघडे होते. तो म्हणाला, "पानी." आईनं हातातलं दाताळं टाकलं आणि बाभळीखाली तिचं पाण्याचं मडकं होतं तिकडं पळाली. मी तिचा दंड धरला. म्हणालो, "आदी रस्ता झाड." ती माझ्याकडं बघत राहिली. मी खराटा उचलून तिच्या हातात दिला आणि पुन्हा म्हणालो, "मागून गाडी यायलीय, ती घसरंल. झाड." मग मी तांबडं निशाण घेऊन वळणाअलीकडं गेलो आणि अठरावी गाडी थांबवली.

पुढं अठरा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी अठरावी गाडी वाचवली. पण तांबडं निशाण माझ्या हातात होतं. गाडी तर निशाणानंच थांबली. झाडायची काहीच गरज नव्हती. झाडून घेतलं ते माझ्यासाठी. मी वळणाअलीकडं उभा होतो आणि मला दोन आवाज ऐकू येत होते, "पानी" आणि खराटा. थोड्या वेळानं एकच येत होता.

 बोटाचं रक्त अप्पारावनं धोतराला पुसलं. मग म्हणाला, "पानी कवा दिलाव?"

"झाडून झाल्यावर. आई मडकं घेऊन गेली."

"आन् तवा?"

"तवा गेले हुते. आईनं तोंडात घातलं, ते बाहीर आलं."

त्यानं वही पुन्हा बाहेर काढली, तेच पान उघडलं आणि 'जोरात' या शब्दावर हात फिरवला. त्याला रडू आलं नाही. मला आलं, पण माझ्या रडण्याची तिथं काय किंमत? इतका वेळ तो मला तुम्ही म्हणत होता.

"बीदरला येऊन माझ्या अक्कापुढं हे बोलशील का तू?"

"बोलतो. उद्या पहिल्या बसनं."

"पानी मागितलं हुतं, तेबी सांगायचं."

"तेबी सांगतो."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊंदे."

"मीबी येते," विमल आतून म्हणाली.

मला वाटलं आता तो उठेल आणि बस स्टँडवर जाईल. त्यानं दाराकडं बघितलं. दारामागं आईचा शेवटचा खराटा उभा होता. तो कुणी वापरत नव्हतं.

"ते घेऊन चल," तो म्हणाला.

दोघं मोरीवर गेलो. अर्धा मैल चालायला त्याला खूप वेळ लागला आणि मी हात पुढं केला तर त्यानं घेतला नाही. ऊन कलतं होतं. शेंदूर लावलेल्या कठड्याकडं त्यानं बघितलंही नाही. रस्ता सोडून वावरात उतरला, काठीनं ढेकळं चाचपत चार-सहा पावलं इकडं-तिकडं केली आणि एका जागी काठी ठेवून सावकाश आडवा झाला. तोंड मातीकडं, एक कान वर. डोळे मिटले.

"झाड," तो म्हणाला.

मी झाडायला लागलो. रस्त्यावर काहीच नव्हतं, थोडी धूळ आणि एक करवंटी. आई झाडायची तसं मला जमेना. मी कामावर झाडतो तसा सावकाश झाडत होतो. तो म्हणाला, "असं न्हाई. घाईनं." मी घाईनं झाडलं. माझ्या कानात अठरा वर्षं जो आवाज होता तो माझ्याच हातातून यायला लागला.

"हाच," तो मातीतच म्हणाला. "हाच की. मला येड लागलं नव्हतं."

मी थांबलो. वाटलं, झालं. त्याला हवं होतं ते मिळालं.

"थांबू नगंस," तो म्हणाला. "त्या दिवशी खराटा थांबला तवा मी कान दिलो. काशाप्पाचा श्वास नव्हता. खराटा चालू हुता तवर हुता. मला ऐकू येत हुता, दोन्ही संगट येत हुतं. थांबू नगंस."

कल्याणीकडून एक लॉरी आली. वळणावर झाडणारा माणूस आणि वावरात पडलेला माणूस बघून ड्रायव्हरनं ती जागच्या जागी उभी केली. तिच्या मागं बस येऊन थांबली. कुणी हॉर्न दिला नाही, कुणी खाली उतरलं नाही. दंड भरून आले, तरी मी मोरीपासून वळणापर्यंत आणि वळणापासून मोरीपर्यंत झाडत राहिलो.